आधी दहा पुस्तकांची यादी, मग यंत्र: गोव्यातल्या मराठी वाचकासाठी ई-रीडर आणि टॅबलेटची निवड

जुलैत पुस्तकांचं कपाट उघडलं की जो वास येतो, तो गोव्यातल्या वाचणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पुठ्ठ्यांवर पांढरट बुरशी, पानांत कसर आणि खालच्या खणात वाळवीची शंका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात कागद जपणं कष्टाचं आहे. आमच्या फोंड्याच्या घरी वडिलांनी जमवलेली निम्मी तरी पुस्तकं अशीच गेली. त्यामुळे कुणी पडद्यावर वाचायचं ठरवलं तर मला आनंदच होतो. फक्त त्याचा पहिला खर्च वाया जाऊ नये असं फार वाटतं, आणि म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

प्रश्न नेहमी एकच येतो: "किंडल घेऊ की टॅब?" किंडल हा अमेझॉनचा ई-रीडर, म्हणजे नुसतं वाचण्यासाठी केलेलं यंत्र. मी उलट विचारतो, "येत्या सहा महिन्यांत काय वाचायचंय?" इंग्रजी वाचणाऱ्याला हवं ते पुस्तक बहुतेक कुठल्याही यंत्रावर मिळतं. मराठीचं तसं नाही. आपली पुस्तकं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली आहेत आणि प्रत्येक ठिकाणचं कुलूप निराळं आहे. यंत्र आधी घेतलं आणि पुस्तकं मागाहून शोधली, तर ते यंत्र खणात जाऊन पडतं. माझ्या आतेचं तेच झालं. भाच्यानं हौसेनं सहा इंची ई-रीडर भेट दिला. तिला वाचायची होती जुनी, स्कॅन केलेली पुस्तकं. आठ दिवसांत तिनं तो परत खोक्यात घातला आणि "मला नाही जमत हे" असं म्हणून स्वतःलाच दोष दिला. दोष तिचा नव्हता, निवडीचा क्रम उलटा झाला होता.

पायरी पहिली: कागद घ्या आणि यादी करा

पुढची दहा पुस्तकं लिहा. खरोखर वाचणार असाल ती. प्रत्येकासमोर ते कुठं मिळतं ते लिहा. यासाठी फोन पुरतो, यंत्र लागत नाही.

किंडलच्या ऑनलाइन दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबरच मराठी आली. मोठ्या प्रकाशकांच्या कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद तिथं बऱ्यापैकी सापडतात. पण नाव शोधताना देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे शोधा. एकाच पद्धतीनं शोधून 'नाही' म्हणून सोडून दिलेली पुस्तकं मला दुसऱ्या पद्धतीनं मिळाली आहेत.

बुकगंगा या पुस्तकं विकणाऱ्या संकेतस्थळावर मराठी ई-पुस्तकांचा साठा मोठा आहे, मात्र ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात. फोन, टॅबलेट, संगणक यांवर ती चालतात, किंडल यंत्रावर चालत नाहीत. हे वाक्य दोनदा वाचा, कारण इथंच सर्वांत जास्त लोक फसतात.

फुकट आणि कायदेशीर साठाही थोडा नाही. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात विनामूल्य देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथही पीडीएफमध्ये मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात जुन्या मराठी ग्रंथांची स्कॅन केलेली पानं आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांना खुलं होतं, त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं बरंच साहित्य आता मोकळं आहे. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहात त्यातलं काही टाइप करून ठेवलेलं आहे आणि ते ईपब म्हणून, म्हणजे ई-पुस्तकांसाठीच्या फाइलीच्या स्वरूपात, उतरवता येतं. ही सोय लक्षात ठेवा, पुढं तिचा उपयोग आहे.

उरलेली पुस्तकं फक्त कागदावर. गोव्यातल्या लहान प्रकाशकांचे कवितासंग्रह, गावांचे इतिहास, स्मरणिका यांच्यासमोर तुम्हाला बहुतेक 'कागद' असंच लिहावं लागेल. त्यासाठी पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची स्थापना १८३२ ची. कुठलंही यंत्र घेतलं तरी तिथलं सभासदत्व सोडू नका.

आता यादी मोजा. सहा-सातांपुढं 'किंडल' किंवा 'ईपब' आलं असेल तर डोळे मिटून ई-रीडर घ्या. 'बुकगंगा' जास्त असेल तर टॅबलेट, नाही तर अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर. 'पीडीएफ' जास्त असेल तर मोठा पडदा हवा, आणि त्यासाठी थोडं गणित करावं लागेल.

पायरी दुसरी: पानाचं माप

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. त्यातली अक्षरं मोठी केली तर अख्खं पानच मोठं होतं आणि ओळ पडद्याबाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला बोटानं पान डावीकडं-उजवीकडं सरकवत बसायचं. दहा पानांत माणूस कंटाळतो. ईपबचं पान मात्र पाण्यासारखं असतं. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं जुळतात.

नेहमीचं मराठी पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. सहा इंची ई-रीडरच्या पडद्याची उंची भरते पावणेपाच इंचांच्या थोडी वर. अख्खं पान त्यात बसवलं की अक्षर मूळच्या निम्म्याहून जरासंच मोठं उरतं. सात इंची पडद्यावर ते दोन तृतीयांश होतं. काना-मात्रा, अनुस्वार आणि रफार एवढ्या लहान आकारात एकमेकांत मिसळतात. रोमन अक्षरं या मापात कशीबशी वाचता येतात, देवनागरी नाही. ८.३ इंची आयपॅड मिनीवर तेच पान मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतं. दहा-अकरा इंची पडद्यावर ते जवळजवळ पूर्ण मापाचं दिसतं. दिवाळी अंकाचं मोठं पानही अकरा इंचांवर सुखानं वाचता येतं.

तेव्हा स्कॅन केलेली पुस्तकं हा तुमचा मुख्य आहार असेल तर दहा इंचांच्या खाली जाऊ नका. आतेला नंतर अकरा इंची टॅबलेट घेऊन दिला. आता ती रोज दुपारी जेवणानंतर पुढच्या सोप्यावर बसून वाचते.

पायरी तिसरी: कुठं आणि केव्हा वाचता?

ई-रीडरचा पडदा आणि टॅबलेटचा पडदा या मुळातच वेगळ्या वस्तू आहेत. ई-इंकच्या पडद्यात केसापेक्षा बारीक कुप्या असतात. त्यांत काळे आणि पांढरे विद्युतभारित कण. विजेचा हलका झटका दिला की काळे वर येतात किंवा पांढरे, आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही. पान उलटताना तेवढी लागते, आणि अंधारात दिवा लावला तर त्या दिव्याला. तो दिवाही अक्षरांच्या मागून तुमच्या डोळ्यांत येत नाही, कडेनं पडद्यावर पडतो. टॅबलेटचा पडदा मात्र स्वतःच उजेड फेकतो.

याचा गोव्यातला अर्थ सरळ आहे. मिरामारला किंवा पाळोळ्याला दुपारच्या उन्हात टॅबलेट उघडला तर त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. ई-रीडर उन्हात कागदासारखा आणखी ठसठशीत दिसतो. शिवाय आयपॅडसाठी कंपनीनं ठरवलेली वापराची मर्यादा ३५ अंश आहे. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला टॅबलेट ती केव्हाच ओलांडतो, मग पडदा मंद करतो किंवा तापलो म्हणून इशारा देऊन थांबतो. गाडीत बंद करून ठेवायची सवय असेल तर ती ई-रीडरच्या बाबतीतही मोडा, त्यालाही तेवढी उष्णता सोसत नाही.

पणजी-मडगाव बसमध्ये उभं राहून वाचणाऱ्यांनी वजनाकडं बघावं. किंडलचं साधं मॉडेल १५८ ग्रॅमचं, पेपरव्हाइट २११ ग्रॅमचं. आयपॅड मिनी २९३ ग्रॅम, आणि अकरा इंची टॅबलेट पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. एका हातानं दांडा धरायचा असतो तेव्हा हा फरक मनगटाला कळतो. अंथरुणात आडवं पडून वाचणाऱ्यांनाही हेच लागू.

बॅटरीबद्दल जाहिरातीतलं वाक्य नीट उलगडून घ्या. पेपरव्हाइटची बॅटरी 'बारा आठवडे' चालते असं कंपनी सांगते, पण हिशेब रोजच्या अर्ध्या तासाचा आहे आणि वाय-फाय बंद ठेवून. म्हणजे एकूण बेचाळीस तास. साध्या किंडलचे सहा आठवडे म्हणजे एकवीस तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला पेपरव्हाइट तीन आठवडे पुरेल, साधं किंडल दहा दिवस. आयपॅडसाठी कंपनी दहा तासांचा आकडा देते. सत्तरी, सांगे, काणकोण भागात पावसात झाड पडून वीज गेली की केव्हा येईल सांगता येत नाही. तिथं राहणाऱ्या वाचकाला मी ई-रीडरच सुचवतो, बाकी सगळं सारखं असेल तर.

टॅबलेटवर वाचताना मधेच संदेश येतात आणि हात तिकडं जातो, हेही विसरू नका. पण श्राव्य पुस्तकं ऐकायची असतील, स्टोरीटेलसारखी ॲप वापरायची असतील, नातवंडांना चित्रांची पुस्तकं दाखवायची असतील, तर टॅबलेटच हवा.

पायरी चौथी: देवनागरीची कसोटी

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. पुढं १६१६ साली रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध पुराण छापलं गेलं, तेव्हा देवनागरीचे खिळे नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावं लागलं. चारशे वर्षं उलटली तरी आपल्या लिपीची सोय आहे का, हे आपल्यालाच आधी पाहावं लागतं.

एका फाइलीत हे शब्द टाइप करून ठेवा: दुसऱ्या, तऱ्हा, विठ्ठल, शुद्ध, पद्म, ॲप, ऑगस्ट, ज्ञानेश्वर, कर्तृत्व, अळूवडी. ती यंत्रावर उघडा. 'दुसऱ्या'तला रकार नीट अर्धचंद्री येतो का, 'शुद्ध'मधला द्ध जोडलेला दिसतो की पाय मोडून वेगळा पडतो, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो का, ते पाहा. 'ऱ्या' आणि 'ॲ' ही खास मराठीची अक्षरं आहेत. हिंदीसाठी केलेले फॉन्ट इथंच अडखळतात. किंडलवर आणि कोबो या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये आपला आवडता देवनागरी फॉन्ट टाकता येतो. वाकडी दिसणारी पानं त्यानं पुष्कळदा सुधारतात.

पायरी पाचवी: आता नावं

सगळ्यांत सोपी निवड किंडल पेपरव्हाइट. २०२४ च्या मॉडेलला सात इंची पडदा, इंचाला ३०० ठिपके, १६ जीबी जागा, संध्याकाळी पिवळसर होणारा दिवा आणि पाण्यापासून संरक्षण. भारतात आला तेव्हा त्याची किंमत १६,९९९ रुपये होती. १६ जीबीची जागा मराठी कादंबऱ्यांसाठी कित्येक वर्षं भरत नाही. साधं किंडल सहा इंची आहे. पडद्याची सुबकता तीच, पण पिवळा दिवा नाही आणि पाण्यापासून संरक्षण नाही. गोव्यात राहून दुसरी उणीव मला मोठी वाटते.

रंगीत ई-इंक पाहून मोह होतो. किंडल कलरसॉफ्ट किंवा कोबो लिब्रा कलर यांत काळी अक्षरं ३०० ठिपक्यांची, पण रंग १५० ठिपक्यांचा. रंगांसाठी पडद्यावर जी गाळणी बसवतात, तिच्यामुळे पार्श्वभूमी थोडी करडी होते. रंग छापील चित्रासारखे येत नाहीत, जुन्या वर्तमानपत्रासारखे फिके येतात. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यानं त्यासाठी जादा पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बूक्स या कंपनीचे ई-रीडर अँड्रॉइडवर चालतात. पडदा ई-इंकचा आणि ॲप मात्र टॅबलेटसारखी टाकता येतात. मराठी वाचकासाठी कल्पना फार उपयोगाची, कारण एकाच यंत्रावर दोन-तीन दुकानांची पुस्तकं येतात. पण सेटिंग्जमध्ये बरीच खटपट करावी लागते, आणि ॲप ई-इंकसाठी केलेली नसल्यामुळे सरकवताना पडदा मागची सावली धरतो. संगणकाशी खेळायची आवड असेल तरच घ्या, आणि विक्रेता भारतातली वॉरंटी लेखी देतो का ते आधी विचारा.

टॅबलेटमध्ये सॅमसंगचा अकरा इंची ए-९ प्लस वाचण्याच्या कामाला पुरेसा आहे. अकरा इंची आयपॅडचं २०२५ चं साधं मॉडेल १२८ जीबीचं, बाजारात आलं तेव्हा ३४,९०० रुपयांचं. पडदा अधिक रेखीव, पण नुसतं वाचायला एवढे पैसे लागत नाहीत. टॅबलेट पणजीत अठरा जून रस्त्यावर किंवा मडगावात दुकानात जाऊन हातात घेऊन बघा, आणि स्वतःच्या यादीतली एक पीडीएफ तिथंच उघडून वाचा. ई-रीडर बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. मागवण्यापूर्वी एखाद्या ओळखीच्या माणसाचा अर्धा तास मागून घ्या. पान उलटताना पडदा क्षणभर काळा लुकलुकतो, त्याला पहिल्यांदा पाहणारे बिघाड समजतात. तो बिघाड नाही.

पायरी सहावी: पुस्तकं चढवणं

किंडल चालू केलं की त्याला स्वतःचा एक ई-मेल पत्ता मिळतो. अमेझॉनच्या खात्यात जाऊन आपला नेहमीचा ई-मेल मंजूर यादीत घाला. हे केलं नाही तर पाठवलेली फाइल पोचतच नाही. मग ईपब किंवा पीडीएफ जोडून त्या पत्त्यावर पाठवा. ई-मेलनं ५० एमबीपर्यंत जातं. मोठी फाइल असेल तर 'सेंड टू किंडल'च्या पानावरून २०० एमबीपर्यंत पाठवता येते. विकिस्रोतावरून उतरवलेलं ईपब असं पाठवून पाहा. पहिल्या दिवशी मिळणारा हा आनंद वेगळाच आहे: दुर्मीळ झालेलं पुस्तक, स्वच्छ अक्षरांत, हव्या त्या आकारात.

पीडीएफचं ईपब करायला कॅलिबर हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. मात्र मराठीत एक मेख आहे. बरीच जुनी पीडीएफ श्रीलिपीसारख्या, युनिकोड ही सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये केलेली आहेत. डोळ्यांना ती देवनागरी दिसतात, पण आतमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. त्यांचं ईपब केलं की पानभर अर्थहीन खुणा निघतात. ओळखायची युक्ती सोपी: पीडीएफमधली एक ओळ निवडून कॉपी करा आणि फोनवर चिकटवा. मराठी आली तर रूपांतर होईल, भलतंच काही आलं तर होणार नाही. काहीच निवडता आलं नाही तर ते स्कॅन आहे. गूगल ड्राइव्हवर अशी थोडी पानं चढवून गूगल डॉक्सनं उघडली तर देवनागरी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो, पण चुका हातानं दुरुस्त कराव्या लागतात. एखाद्या लेखासाठी हे करावं. चारशे पानांच्या ग्रंथासाठी मोठा पडदाच बरा.

विकत घेतलेल्या किंडल पुस्तकांची फाइल संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय अमेझॉननं २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. पुस्तक तुमच्या खात्यात राहतं, तुमच्या हातात नाही. जे पुस्तक नातवंडांपर्यंत पोचावं असं वाटतं, ते कागदावरच घ्या आणि त्याला लोखंडी कपाटात ठेवा.

पायरी सातवी: पहिला पावसाळा

ई-इंकच्या पडद्यात पातळ काच असते. पिशवीत डब्याखाली दाबली गेली तर ती तडकते, आणि नवा पडदा बसवण्याचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. तेव्हा यंत्राबरोबरच कडक पाठीचं कव्हर मागवा.

पेपरव्हाइट गोड्या पाण्यात दोन मीटर खोलीवर साठ मिनिटं टिकतो, समुद्राच्या पाण्यात मात्र पाव मीटरवर तीन मिनिटंच, अशी त्याची चाचणी आहे. खारं पाणी लागलं तर लगेच गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, आणि चार्जिंगचं भोक पूर्ण सुकल्याशिवाय वायर लावू नका. हा नियम फेरीबोटीवर तुषार उडाले तरी पाळा. वाळूचे कण त्या भोकात जातात, म्हणून किनाऱ्यावर यंत्र झिप असलेल्या पिशवीत न्या.

गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढा. यंत्र पुस्तकांच्या कपाटात ठेवू नका, तिथली दमट हवा त्यालाही बाधते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्या बदला किंवा कढईत हलक्या आचेवर परतून सुकवा.

आणि मे महिन्यात आपण पुरुमेंताचं सामान भरतो ना, सुकी मिरची, कोकम, सुकी मासळी, तशी त्याच आठवड्यात पुस्तकंही भरून ठेवा. पावसात नेटवर्क जातं तेव्हा दुकान उघडत नाही. यादीतली दहाच्या दहा पुस्तकं यंत्रावर उतरवा, प्रत्येक एकदा उघडून शेवटचं पान येतं का ते पाहा, आणि मग वाय-फाय बंद करा.